आमची वाटचाल : शिलाईची पुस्तकं

आमच्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात कुणी पुस्तक हातात घेतलं की आम्ही ते मधोमध उघडून गल्ल्यावर पालथं ठेवतो. पुस्तक पालथं ठेवू नये, असं शाळेत शिकवतात. शिवलेल्या पुस्तकाची पानं त्याने सुटत नाहीत. सोळा पानी फॉर्मच्या, म्हणजे एकाच कागदाला घड्या घालून केलेल्या सोळा पानांच्या जुडीच्या, मधल्या घडीत दोरा दिसला पाहिजे. दोरा नसला, पाठीला नुसता गोंद असला, तर ते पुस्तक आम्ही ठेवत नाही, मग छापणारा कितीही मोठा असो. यावरून नाशिकच्या निम्म्या मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, आम्हाला हट्टी म्हणतात. बाकीच्या निम्म्या महागडे म्हणतात. दोन्ही खरं आहे.

दुकान शरणपूर रोडला. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलं इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्यानेच वाचली, झाडाच्या खोडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली, आणि शवाबरोबर थेट इंग्लंडपर्यंत तोच गेला. वाचायला शिकलेला माणूस ऐनवेळी काय उपयोगाला येतो, ते इथल्या मातीला पूर्वीपासून ठाऊक आहे. आम्ही फक्त दुकान टाकलं.

सुरुवातीला आम्ही दोघे भागीदार. एकाकडे बाइंडिंगची हत्यारं: लाकडी शिकंजा, दोन दाभणं, घडी पाडायची हाडाची पट्टी, मेणाचा गोळा आणि दोऱ्याची रिळं. दुसऱ्याकडे बोलणं. रविवारी कुठल्या मंडळीत उपासना किती वाजता सुटते, पाळकसाहेब कोण, हिशोबाची वही कुणाकडे, उपकारस्तुतीचा सण कधी, हे सगळं त्यांच्या एका लांब वहीत होतं. पुस्तकांचं टेबल लावायचं शास्त्र त्यांचंच, आणि आज ते आमचं तोंड बघत नसले तरी श्रेय त्यांचं त्यांना देतो. टेबल आत जाण्याच्या वाटेवर लावायचं नाही, बाहेर पडण्याच्या वाटेवर लावायचं, कारण आत जाताना लोक घाईत असतात. सहा फुटी टेबलावर चाळीसच्या वर नावं नकोत, जास्त ठेवली तर लोक नुसते बघतात. मोठ्या टाइपाची पुस्तकं पुढे, लहान मुलांची खालच्या स्टुलावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. प्लास्टिक काढून टाकायचं. चाळता न येणारं पुस्तक कोण घेणार? उपासना सुटल्यावर जेमतेम वीस मिनिटं मिळतात, म्हणून सुटे पैसे शनिवारीच आणून ठेवायचे.

मग ते वेगळे झाले, वही घेऊन. पुढच्या नाताळाला प्रत्येक मंडळीत आमच्या आधी त्यांचं टेबल. निम्म्या किमतीत पुस्तकं, तीन घेतली की चौथं फुकट, वर पत्रकांचा गठ्ठा. आमचा राग निम्म्या किमतीवर नाही. पुस्तकावर जीएसटी शून्य, म्हणजे कागदाला आणि छपाईला भरलेला कर परत मिळत नाही. तो किमतीतच बसतो. मग निम्म्या किमतीत देणारा काहीतरी कापतोच. त्यांनी दोरा कापला आणि मुद्रितशोधक कापला.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. नाशिकजवळच्या जलालपूरची ही बाई, 1936 मध्ये नाशिकलाच वारली. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो, म्हणून 1997 पासून ‘स्मृतिचित्रे’ कुणीही छापावं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांचं त्याच्याही आधीपासून मोकळं आहे. पण मोकळं म्हणजे बेवारशी नव्हे. जुन्या श्रीलिपी फाँटातली फाइल युनिकोडमध्ये उलटवली की ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, रफार एक अक्षर सरकून बसतो, आणि अभंगाचा चरण मध्येच तुटतो. हे यंत्राला कळत नाही. छापील जुनी प्रत शेजारी ठेवून एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट फिरवायचं, तेही दोनदा. बायबलचं तर आणखी वेगळं. बायबल सोसायटीच्या भाषांतरावर सोसायटीचा हक्क आहे. नेटवरून उतरवून छापता येत नाही. हे आम्ही चार मंडळ्यांत सांगितलं तर आम्ही हेवेखोर ठरलो.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नाताळाला कॅलेंडरं, जूनला शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाची पुस्तकं, बाकी वर्षभर बायबलं आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक.

आणि मग 2 ऑगस्ट 2016.

गोदावरीचा पूर नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला पाणी म्हणजे नेहमीचं, कमरेला लागलं की भांडीबाजार आणि सराफ बाजार माल वर चढवायला लागतात. त्या दिवशी मारुती बुडाला. आमचं गोदाम नदीकडच्या एका तळघरात होतं, भाडं कमी म्हणून. तिथे नदी दारातून आलीच नाही. गटारातून उलटी आली, काळी, आणि पाच फुटांवर थांबली. नाताळासाठी आणून ठेवलेला सगळा माल आत. माजी भागीदारांचा माल पहिल्या मजल्यावर होता. त्यांनी एक रिकामं खोकंसुद्धा पाठवलं नाही. हे लिहू नका असं घरच्यांनी सांगितलंय, तरी लिहितो.

भिजलेल्या पुस्तकाचं काय करायचं हे कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर. पाणी ओसरल्यावर दमट हवेत बुरशी यायला दोन दिवस पुरतात. म्हणजे घाई करायची, पण हात हळू चालवायचा. पहिली चूक सगळे करतात ती ही की पुस्तक उघडून बघतात. ओलं पान स्वतःचं वजन पेलत नाही. बायबलचा तीस ग्रॅमचा कागद तर बोट लागलं तरी फाटतो. पुस्तक मिटलेलंच, घट्ट धरून, स्वच्छ पाण्याच्या टबात बुडवायचं आणि कडांवरचा गाळ निघू द्यायचा. फडताळात गच्च भरलेली पुस्तकं आधी सोडवायची, कारण कागद फुगला की लाकडी फळीसुद्धा उचकटते. मग तीन ढीग. आर्ट पेपरवरची, म्हणजे मुलांची चित्रांची पुस्तकं आणि कॅलेंडरं, पहिल्या ढिगात. त्या कागदावरचा लेप सुकताना चिकटतो आणि पानांची वीट होते. ओलं असतानाच पान न् पान सोडवलं तरच ती वाचतात. आमच्याकडे तेवढे हात नव्हते, तो ढीग रद्दीत गेला. मॅपलिथोची, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदाची, दुसऱ्या ढिगात. बायबलं तिसऱ्यात.

एवढी पुस्तकं दोन दिवसांत सुकणं अशक्य होतं. वाट सुचली ती द्राक्षांची. ऑगस्टमध्ये पिंपळगावकडची शीतगृहं रिकामी असतात. द्राक्षाची क्रेट आणली, त्यात पुस्तकं पाठ खाली करून एका ओळीत, सैल भरली आणि शून्य अंशाच्या खोलीत ठेवली. शून्याला पुस्तक गोठत नाही. ग्रंथालयवाले गोठवतात ते उणे अठराच्या आसपास. पण शून्याला बुरशीची वाढ मंदावते, आणि आम्हाला तीन आठवडे मिळाले. एक पथ्य मात्र पाळायचं. द्राक्षाच्या पेटीत गंधकाचे कागद घालतात, त्यांतून सल्फर डायऑक्साइड सुटतो. ओल्या कागदात तो गेला की आम्ल होतं आणि कागद काही वर्षांत बिस्किटासारखा तुटतो. खोली आधी उघडून वारा खेळवून घेतली, जुने कागद झाडून बाहेर काढले.

रोज दोन क्रेट बाहेर काढायची. दर सोळा पानांना कोरा न्यूजप्रिंट घालायचा. पहिल्या दिवशी दोन-दोन तासांनी बदलायचा, मग सकाळ-संध्याकाळ. पंखा चालू, पण वारा थेट पुस्तकावर नको. ऊन अजिबात नको, उन्हात पान वाकतं आणि पिवळं पडतं. जवळजवळ सुकलं की पंख्यासारखं उघडून उभं करायचं, आणि थोडी ओल शिल्लक असतानाच शिकंज्यात दाबायचं. पूर्ण सुकल्यावर दाबलं तर लाटा तशाच राहतात.

तेव्हा जे दिसलं त्यावर हे दुकान आज उभं आहे. शिवलेल्या पुस्तकांची खळ विरघळली, पुठ्ठा सुटला, कापड निघून आलं. पण अंग जसंच्या तसं. नवा पुठ्ठा चढवला की पुस्तक तयार. गोंदाची पुस्तकं उलटी. तो गरम करून लावायचा गोंद पाण्यात विरघळत नाही, पण कागद फुगून पुन्हा आकसला की पान त्यातून सुटतं. शंभर पानांचं पुस्तक, पन्नास सुटे कागद. पुराचं सोडा, तोच गोंद मेमध्ये मऊ पडतो आणि निफाडच्या थंडीत कडक होऊन तडकतो.

पुस्तकांच्या पहिल्या पानावर लोक लिहून देतात, ‘बाप्तिस्म्यानिमित्त’, ‘दृढीकरणानिमित्त’. शिलाईला आलेली काही जुनी पुस्तकंही त्या गोदामात होती. छपाईची शाई तेलकट, ती हलली नाही. बॉलपेनचं लिहिलेलं राहिलं. फाउंटन पेनचं धुऊन गेलं. म्हणून सांगतो, भेट देताना बॉलपेनने लिहा, किंवा पेन्सिलीने. पेन्सिल तर सगळ्यांत टिकते.

पुरानंतर गिऱ्हाईक पांगलं. एका बोर्डिंगच्या निवृत्त बाईंनी मात्र बारा पुस्तकांचे पैसे आगाऊ दिले, महिन्याला एक याप्रमाणे, आणि ‘तुम्ही सुकवलेलीच द्या’ म्हणाल्या. त्या पुस्तक कसं देतात हे बघण्यासारखं आहे. मयताच्या घरी त्या दिवशी त्या कधीच पुस्तक देत नाहीत. घर माणसांनी भरलेलं असतं, कोण वाचणार? महिना-सव्वा महिन्याने, पाहुणे गेल्यावर जातात. जाडजूड नाही, ऐंशी-शंभर पानांचं, चौदा पॉइंट टाइपाचं. एक पान स्वतः वाचून दाखवतात, तिथे फीत ठेवतात आणि निघतात. पुढच्या महिन्यात फीत कुठे आहे ते बघतात. पुढे सरकली असेल तर बोलतात. नसेल तर चहा घेऊन येतात.

ना. वा. टिळकांना 1893 च्या सुमारास रेल्वेत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून उठवेना. 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला. हे प्रवचन म्हणजे मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय, 111 वचनं, मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटं. देणाऱ्याने पत्रकांचा गठ्ठा दिला नव्हता. एक पुस्तक एका माणसाला दिलं, आणि त्या माणसाकडे प्रवासाचा वेळ होता.

कुणी विचारलेलं नाही तरी हेही लिहून टाकतो. वर्षात पूर्ण बायबल वाचायचं तर 1189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की पुरतात, दहा अध्यायांची सवडही उरते. पण नवशिक्याला ही योजना देऊ नका. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचून तो थांबतो आणि मग अपराधी वाटून पुस्तकच बंद ठेवतो. त्याला मार्कचं शुभवर्तमान द्या, सोळा अध्याय. नीतिसूत्रांचे एकतीस, म्हणजे तारीख तोच अध्याय. लूकचे चोवीस, 1 डिसेंबरला सुरू केले की नाताळच्या आदल्या दिवशी संपतात. कामधंद्यातल्या तरुणाला नुसतं मननाचं पुस्तक देऊन भागत नाही. त्याला चरित्र द्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषा शिकून बायबलचं सोपं मराठी केलं आणि त्यांच्या मुक्ती मिशनच्या मुलींनी ते स्वतःच्या छापखान्यात छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पूर्ण बायबल 1924 ला बाहेर आलं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मुलींची ही गोष्ट सांगितली की नोकरीला कंटाळलेला पोरगा सरळ बसतो, हे आम्ही गल्ल्यावरून पाहिलंय. वाचनमंडळ काढायचं तर सहा जण, एक प्रकरण, चाळीस मिनिटं. पाळकसाहेबांनी बोलायचं नाही, ऐकायचं.

खळीचं प्रमाण लोक विचारतात. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर गुठळी न होऊ देता, पारदर्शक होईपर्यंत. किलोभर मैद्याला चमचाभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी; भांडं वेगळं, लोखंडाचं नको, आणि बोट तोंडात घालून पान उलटायची सवय असलेल्याने पुठ्ठ्याच्या कामाला बसू नये.

माजी भागीदारांचं गोंदाचं एक पुस्तक गेल्या पावसाळ्यात आमच्याकडेच शिलाईला आलं. केलं. पैसे पूर्ण घेतले.

या आठवड्यात टेबलावर बाईंचं उपासना संगीत आहे, पाचव्यांदा. आधीच्या बाइंडरांनी दोनदा घडीतून न शिवता बाजूने टाके मारले, आणि दर वेळी कटिंगला दीड-दोन मिलिमीटर गेलं. आता पाठीकडची कोर सहा मिलिमीटर उरली आहे. कात्रीला लावायचं नाही असं ठरलंय. प्रत्येक जोडपानाला मधून पातळ हातकागदाची पट्टी चिकटवायची, ती सुकली की त्या नव्या घडीतून पाच भोकं पाडून शिवायचं. पट्ट्यांनी पाठ जाड होते, म्हणून दोरा नेहमीपेक्षा बारीक. नाताळच्या आधी हवंय, म्हणाल्यात.