तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तवाढीची गोळी आणि काळं बाळ

"मॅडम, या गोळ्यांनी बाळ काळं होतं, हे बायकांच्या डोक्यातून काढायचं कसं?" आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, प्रत्येक प्रशिक्षणात हा प्रश्न येतोच. मी आहारतज्ज्ञ. सुरुवातीला मीही सांगायचे, "खोटं आहे ते, ऐकू नका म्हणावं."

मग एका घरी गेले. सूनबाईला सहावा महिना, हिमोग्लोबिन 8. तांदळाच्या डब्यात लाल गोळ्यांच्या पट्ट्या, एकीतून जेमतेम तीन गोळ्या गेलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "गोळी घेतली की हिला परसाकडला काजळासारखं काळं होतंय. पोटात एवढा रंग उतरतो, तो बाळाला लागणार नाही का?"

मावशींनी जे पाहिलं त्यावरूनच त्या बोलत होत्या. चूक आमची होती. काळं होणार हे गोळी देताना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ऐकीव गोष्ट खरी वाटली.

तेव्हा पट्टी हातावर ठेवतानाच सांगा: संडास काळी होईल. गोळीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, उरलेलं बाहेर पडतं, त्याचा तो रंग. बाळाचा रंग आईबापाकडून येतो. मळमळेल, पोट साफ होणार नाही, हेही लपवू नका. रात्री जेवणानंतर तासाभरानं, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगा. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्या वेळी नको.

आणखी एक, जरा कडू बोलते. गैरसमज आपणही पसरवतो. 'बीट खा, रक्त वाढेल' हे मी दवाखान्यांतही ऐकलंय. 100 ग्रॅम बिटात लोह 1 मिलिग्रॅमसुद्धा नसतं. गरोदरपणातल्या सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम असतं, आणि ती किमान 180 दिवस घ्यायची असते. बीट खुशाल खा, पण गोळीच्या जागी नको. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. बाळंतपणात रक्त गेलं तर अशा बाईच्या अंगात सोसायला काही उरत नाही. म्हणून मी याच्यामागे एवढी लागते.

आठ दिवसांनी परत जा. "गोळी घेतेस ना?" असं विचारलं की "हो"च येतं. "परसाकडला काळं झालं का?" असं विचारा. "नाही" म्हणाली, तर पट्टी बहुधा डब्यातच असेल. रागावू नका. जवळ बसा आणि गोळी कशानं सुटली ते विचारा.