पाणी उतरलं की गाव लांब जातं

महाबळेश्वर गर्दीत आणि पार्किंगच्या भांडणांत संपलं, त्यावर जास्त ओळी खर्च करत नाही. तिथून घाट उतरून तापोळ्याला या. ‘मिनी काश्मीर’ म्हणून जे विकलं जातं ते शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. पर्यटक बोटीतून एक फेरी मारतात, फोटो काढतात आणि पुन्हा वर जातात. पलीकडे कांदाटी खोऱ्यात माणसं राहतात, याची बहुतेकांना कल्पनाही नसते.

या गावांना किनारा किती जवळ, ते पाणीपातळी ठरवते. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असलं (साठा सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) की लाँच वाडीच्या पायथ्याशी लागते. मग वर्षभर वीजनिर्मितीसाठी पाणी बोगद्यांतून पश्चिमेला जातं. कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवलेला या पाण्याचा कोटा ६७.५ टीएमसी आणि हिशेब १ जून ते ३१ मे. म्हणजे मे महिन्यात काठ सर्वांत खाली. तापोळा जलाशयाच्या वरच्या टोकाला असल्याने तिथे पातळी जराशी उतरली तरी पाणी खूप मागे सरकतं.

आणि नेमक्या त्याच महिन्यात मुंबईकर गावी येतात. यात्रा, लग्नं, घराची डागडुजी. काठावर पाहिलं ते असं: लाँच टेकते तिथून कोरड्या जमिनीपर्यंत नुसता गाळ, वरून वाळलेला आणि आत पाय रुतवणारा. फळी टाकतात, ती दोन माणसं गेली की खचते. डोक्यावर सिलिंडर, हातात चपला, म्हातारीला दोघांनी धरलेलं. शिवाय उथळ पाण्यात जुन्या झाडांचे खुंट असतात. पंखा अडकला की नावाडी इंजिन बंद करून बांबूने रेटतो. जीप तराफ्यावरून न्यायची तर उतरत्या पाण्यामागे काठावर नवी वाट काढावी लागते, नाहीतर चाक रुततं.

रस्ता का नाही, याचं उत्तर डोक्यांच्या मोजणीत आहे, आणि इथेच मला राग येतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा निकष ठेवला: सपाट भागात ५०० लोकवस्ती, तर डोंगरी राज्यं, वाळवंट आणि आदिवासी अनुसूचित क्षेत्रांत २५०. सातारा जिल्हा यातल्या कुठल्याच सवलतीत बसत नाही, त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीलाही सपाटीचाच ५०० चा आकडा. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात खऱ्या, पण मध्ये जलाशयाचा फाटा असला तर नकाशावरचं ते अंतर काय कामाचं?

त्यातून २०११ ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. वाडीची निम्मी माणसं तेव्हा नवी मुंबईत माथाडी किंवा मुंबईत कुठे नोकरीला. त्यांची नोंद तिथली. गावाच्या खात्यावर उरले म्हातारे आणि कुलपं. पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे पुन्हा तोच मोसम. मे महिन्यात मोजा म्हणावं, मग दिसेल गाव केवढं आहे ते. माणसं गेली म्हणून रस्ता नाही आणि रस्ता नाही म्हणून माणसं गेली, असा हा मामला. तापोळा ते अहिर पुलाचं काम हाती घेतलंय, पण पूल एका जागी असतो आणि वाड्या काठभर पसरलेल्या.

दक्षिणेला बामणोलीतही तीच तऱ्हा. शनिवार-रविवारी वासोटा किल्ल्यावर जाणारे अख्खी बोट ठरवतात. माणशी पैसे देणारा गावकरी तेल-मिठाची पिशवी घेऊन थांबतो, कारण नावाड्याला ती फेरी परवडते, ही नाही. नावाड्याला दोष देता येत नाही, डिझेल त्याच्या खिशातून जातं. जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार गाठा, आणि तुमच्या बोटीत जागा उरली असेल तर कुणी विचारण्याआधी काठावरच्या माणसाला बोलवा.