डेटाचा खटला

कायद्याच्या नजरेत व्यक्ती कोण, हा भाग शिकवायला घेतला की वर्ग हमखास कंटाळतो. माणूस व्यक्ती, कंपनी व्यक्ती, देवळातली मूर्तीही व्यक्ती. एवढं वहीत उतरवलं की परीक्षेपुरतं भागतं. मला ते कधीच पटलं नाही. या प्रश्नावर माणसांची आयुष्यं उभी राहिली आहेत आणि मोडलीही आहेत. म्हणून या वर्षी मी व्याख्यान बाजूला ठेवलं आणि वर्गात एक खटलाच चालवायला घेतला. अर्जदार होता एक यंत्रमानव.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या पर्वात ‘द मेझर ऑफ अ मॅन’ नावाचा भाग आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास यांनी आधी वकिली केलेली होती, आणि ते पदोपदी जाणवतं. डेटा हा अंतराळयानावरचा अधिकारी, दिसायला माणूस, आतून यंत्र. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला त्याच्यासारखे शेकडो बनवायचे आहेत, आणि त्यासाठी डेटाला उघडून पाहायचं आहे. डेटा नकार देतो. बदलीचा हुकूम येतो, तेव्हा तो राजीनामा देतो. मग मॅडॉक्स म्हणतो, हा राजीनामा देणारा कोण? ही तर आमची मालमत्ता!

प्रकरण लूव्हा नावाच्या न्यायाधीश बाईंसमोर जातं. त्यांच्याकडे माणसं कमी. त्या डेटाच्या कॅप्टनला, पिकार्डला, बचावाला उभं करतात आणि डेटाचा मित्र रायकर याला विरोधात. रायकर नको म्हणतो, पण त्याने मनापासून बाजू मांडली नाही तर डेटा मालमत्ता हाच निकाल कायम होणार असतो. (आपल्याकडे असा वकील नेमला असता तर पहिल्याच तारखेला हरकत आली असती. पण या एका अटीतून सगळा भाग उभा राहतो, म्हणून मी ती मान्य करते.)

एक प्रसंग मी वर्गात दोनदा दाखवला. रायकर एकटाच बसून डेटाच्या रचनेचे आराखडे चाळतो आहे. अचानक त्याला हवं ते सापडतं: डेटाला बंद करण्याचं बटण. क्षणभर चेहरा खुलतो. खटला जिंकायचा रस्ता मिळालेल्या वकिलाचं ते हसू आहे. आणि दुसऱ्याच क्षणी आपण काय जिंकतोय हे कळून तो चेहरा उतरतो. एक शब्द नाही. तिथेच मी पडदा बंद केला आणि म्हटलं, आता पुढचं तुम्ही चालवा.

विरोधाची बाजू पेडण्याच्या एका मुलीकडे गेली. अभ्यासू, हळवी, डेटा पहिल्या दहा मिनिटांत आवडून बसलेला. “म्हाका हें जमचें ना, मॅडम,” ती म्हणाली. मी तिला रायकरचीच अट घातली. न्यायाधीश म्हणून वर्गातलेच तिघे बसले. आणि मागच्या बाकावर आमचे पाहुणे, म्हापशाचे एक ज्येष्ठ वकील. त्यांना सगळे भाई म्हणतात. पोर्तुगीज कायदा मूळ भाषेत वाचणारे आता गोव्यात थोडेच उरलेत, त्यांतले ते एक.

तिने सुरुवातच घरच्या कायद्याने केली. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. कुटुंब आणि मालमत्तेच्या बाबतीत तिचा बराच भाग आपल्याकडे आजही चालतो. तिचं पहिलंच कलम सांगतं की हक्क आणि कर्तव्यं फक्त मनुष्यालाच असू शकतात. डेटा मनुष्य नाही, हे डेटाही नाकारत नाही. विषय संपला.

बचावाला कवळ्याचा एक मुलगा होता. तो उठला आणि म्हणाला, “मग आमची शांतादुर्गा?” त्याने १९२५ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या कोर्टाचा, निकाल काढला. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात पूजेची पाळी ज्याच्याकडे, तो मूर्ती आपल्या घरी नेणार, यावरून भाऊबंदकी पेटली होती. कोर्टाने म्हटलं, मूर्ती ही काही घरातली हलवाहलवीची वस्तू नाही. ती कुठे राहणार याबाबत तिचीही इच्छा धरली पाहिजे, आणि ती मांडायला ज्याचा स्वतःचा काही फायदा नाही असा माणूस नेमला पाहिजे. “मूर्तीला विचारल्याशिवाय तिची बदली होत नाही,” तो म्हणाला, “आणि डेटा तर तोंडाने नाही म्हणतोय.” केळशीहून देवीला नदीपलीकडे कवळ्याला कसं आणलं, हे ऐकत वाढलेला हा मुलगा. त्याच्या आवाजात ते होतं, आणि वर्गाने बाकं वाजवली.

सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने मध्येच गंगेचा मुद्दा आणला. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला व्यक्ती ठरवलं, आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मग आपल्या म्हादई नदीचं काय, असं म्हणून तो बराच रंगला. दुसऱ्याने सोफिया या यंत्रमानवाला सौदी अरेबियाने त्याच वर्षी नागरिकत्व दिल्याचं सांगितलं. यातून फार काही निघालं नाही.

मग ती पेडण्याची मुलगी परत उठली. कागद हातात होता, पण ती त्याकडे बघत नव्हती. मूर्ती, नदी, कंपनी यांना कायदा व्यक्ती का म्हणतो, असं तिने विचारलं. भक्तांनी दिलेलं दान टिकावं, पाणी राहावं, धंद्याचा व्यवहार चालावा म्हणून. म्हणजे प्रत्येक वेळी माणसांची सोय आहे म्हणून. डेटा मात्र माणसांच्या सोयीच्या विरुद्ध हक्क मागतोय. असा हक्क कायद्याने आजवर कुठल्याही वस्तूला दिलेला नाही. बचावपक्षाने एक उदाहरण दाखवावं.

बचावपक्षाकडे उदाहरण नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, आणि मी तिच्याकडेच बघत होते. रायकरच्या चेहऱ्यावर जे झालं, ते माझ्यापासून चार हातांवर एका वीस वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर झालं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा भाई उठले. न्यायाधीशांची परवानगी मागून, अगदी रीतसर. त्यांनी फक्त तारखा सांगितल्या. ते पहिलं कलम लिस्बनमध्ये १८६७ साली झालं. पोर्तुगालने आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी रद्द केली फेब्रुवारी १८६९ मध्ये, तीही सुटलेल्यांनी पुढची काही वर्षं जुन्या मालकाकडेच राबावं या अटीवर. संहिता गोव्यात लागू झाली १ जुलै १८७० ला. म्हणजे हक्क फक्त मनुष्याला, असं कायदा लिहीत होता तेव्हा त्याच राजाच्या राज्यात मनुष्य मालमत्ता होता. आणि जुन्या गोव्यात, रुआ दिरेइता या रस्त्यावर, आफ्रिकेतून आणलेल्या स्त्री-पुरुषांचा बाजार भरायचा. लिन्शोटेन नावाच्या डच माणसाने १५८० च्या दशकात तो डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला आहे. “बाय, तू उदाहरण मागितलंस,” भाई तिला म्हणाले. “विकणाऱ्यांच्या लेखी ती वस्तूच होती. आणि त्यांना सोडणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं.”

मूळ भागात हेच काम गायनन ही यानावरची कृष्णवर्णीय बाई करते. पिकार्ड हताश होऊन तिच्याकडे जातो, आणि ती त्याला विचारायला लावते की हजारो डेटा तयार झाले तर त्यांचं काय होईल. घाणेरडी, अवघड कामं करणारी, कुणी पर्वा करायची गरज नसलेली फौज. वर्गाने हा प्रसंग अजून पाहिलेला नव्हता. भाईंनी तर मालिकाच पाहिलेली नाही.

तिघा न्यायाधीशांनी दहा मिनिटं मागितली आणि अर्धा तास घेतला. निकाल आला: ‘जैसे थे’. डेटा व्यक्ती आहे की नाही, हे आज ठरवता येत नाही. पण उघडून बिघडला तर नुकसान भरून येणार नाही; न उघडल्यास मॅडॉक्सला फक्त थांबावं लागेल. म्हणून अंतिम निर्णयापर्यंत त्याला हात लावायचा नाही, बदलीही करायची नाही. मुलांनी मनाईहुकुमाच्या कसोट्या इतक्या नेमक्या वापरलेल्या मी उत्तरपत्रिकेत कधी वाचल्या नव्हत्या.

मग उरलेला भाग लावला. रायकर डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो, बटण दाबतो आणि डेटा पुढे कोसळतो, तेव्हा ती मुलगी खाली बघत होती. लूव्हांचा निकाल आमच्या खंडपीठाच्या बराच जवळ निघाला. डेटाला आत्मा आहे का, मला स्वतःला आहे का, हे सांगता येत नाही, त्या म्हणतात. पण ते शोधण्याची मोकळीक त्याला असली पाहिजे. तो मालमत्ता नाही.

वर्ग सुटला तरी कुणी उठेना. मॅडॉक्स इतक्या सहज कसा विरघळला, हा मुद्दा निघाला, आणि तो रास्त आहे. लेखिकेने तिथे घाई केली आहे. पण मला बांधून ठेवलं ते पेडण्याच्या मुलीच्या आक्षेपाने. डेटा आपला नकार रीतसर नोंदवतो तो निकाल लागल्यावर, असं तिने दाखवून दिलं. सुनावणीत तो साक्षीदार आहे, पुरावा आहे. त्याच्या वतीने बोलतो त्याचा वरिष्ठ, ज्याला हा अधिकारी आपल्या यानावर हवाच आहे. १९२५ चा निकाल तर सांगतो की फायदा नसलेला माणूस नेमा.

“त्याला वेगळा वकील द्यायला हवा होता, मॅडम. कॅप्टन नव्हे.”

कवळ्याच्या मुलाला हे मान्य नव्हतं. पिकार्डइतकं जीव तोडून परका वकील भांडला असता का, असं तो विचारत राहिला, आणि भाई त्याच्या बाजूने होते. मी तिच्या. पेडण्याची शेवटची बस निघायची वेळ झाली, तरी जिन्यावर ते दोघं भांडतच होते.