दिल्लीहून मागवलेला जुना कॉम्प्युटर फुटून आला तेव्हा

बार्शीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि पावसाळा सुरू झाला की दोन दिवाळी अंक. गेल्या जूनच्या शेवटी दुकानातला मुख्य कॉम्प्युटर कायमचा बसला. नवा घ्यायचा तर साठ हजारांच्या पुढे जात होतं, म्हणून जुना शोधला. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये कंपन्यांचा लीज संपलेला माल विकणारे बरेच आहेत. त्यातल्या एकाकडून डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०६० टॉवर ठरवला. आठव्या पिढीचा आय-७, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि वरून १०५० टीआय हे दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड. जीएसटी बिल आणि कूरिअर धरून २७,५०० रुपये.

पैसे पाठवण्याआधी मी विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागून घेतल्या होत्या. एक म्हणजे मशीन चालू असतानाचा व्हिडिओ, त्यात मागचा सर्व्हिस टॅग, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, वाचता आला पाहिजे. दुसरी, क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या प्रोग्रॅममधला हार्ड डिस्कचा स्क्रीनशॉट. डिस्क किती तास चालली आहे, तिच्यात खराब सेक्टर, म्हणजे माहिती नीट न टिकणारे भाग, आहेत का, हे त्यात दिसतं. माझ्या स्क्रीनशॉटवर निळ्या पट्टीत ‘गुड’ होतं, खराब सेक्टर शून्य, आणि चाललेले तास १९,४१२. मला फक्त डिस्क थकलेली नाही ना एवढंच पाहायचं होतं. याच स्क्रीनशॉटवर पुढे माझे पैसे परत मिळणार आहेत, हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी पार्सल आलं. खोक्याचा खालचा एक कोपरा आत दबला होता आणि तिथे पुठ्ठा फाटून बबल रॅप बाहेर डोकावत होता. कूरिअरचा मुलगा घाईत होता. “ताई, मोबाइलवर बोटाने सही करा, अजून लई पार्सलं वाटायचीत.” त्या मोबाइलवर शेरा लिहायला जागाच नव्हती. मी त्याला म्हटलं, थांब जरा, आणि खोका त्याच्या गाडीवर असतानाच चारही बाजूंनी फोटो काढले. एका फोटोत दबलेला कोपरा आणि लेबलवरचा नंबर दोन्ही येतील असं पाहिलं. त्याच्याकडच्या डिलिव्हरी शीटवरही माझ्या नावापुढे पेनाने लिहिलं, ‘खोका दबलेला, फाटलेला. आतला माल तपासलेला नाही.’ आणि त्याचाही फोटो घेतला. मुलगा वैतागला नाही, उलट म्हणाला, “बरं केलंत ताई, नायतर माझ्यावर येतं.” माल स्वीकारायचाच नाही, असंही करता आलं असतं. पण पूर्ण पैसे आधीच दिलेले होते आणि मशीन पुन्हा दिल्लीच्या वाटेला लावायची माझी हिंमत झाली नाही.

खोका उघडताना नवऱ्याने व्हिडिओ केला. लेबलापासून सुरुवात, मग टेप कापणं, मग आतलं सगळं, मध्ये कुठेही बंद न करता. आत थर्मोकोल नव्हतं. बबल रॅपचे दोन वेढे आणि कोपऱ्यांत कोंबलेली वर्तमानपत्रं, बस्स. आठ-नऊ किलोचा लोखंडी टॉवर आणि त्याला एवढंच पांघरूण. मला खरा राग आला तो तिथे, कूरिअरपेक्षा विक्रेत्याचा जास्त.

मशीन उचलून उभं केलं तर आतून खडखड आवाज. कितीही मोह झाला तरी मी पॉवरची वायर लावली नाही, आणि ज्यांच्याकडे असं पार्सल येईल त्यांना माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. सुटलेला एक स्क्रू मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, नको तिथे पडला असेल तर वीज देताच धड असलेलं सामानही जळू शकतं, आणि मग कूरिअर आणि विक्रेता दोघेही म्हणायला मोकळे, की तुम्हीच जाळलं.

संध्याकाळी गल्लीतल्या रिपेअरिंगवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी बाजूचं झाकण काढलं. ग्राफिक्स कार्ड तिरकं लोंबत होतं. मागच्या पट्टीचा स्क्रू तेवढा जागेवर होता. कार्ड ज्यात बसतं तो मदरबोर्डवरचा काळा स्लॉट मुळासकट उपटला होता आणि पिना दात विचकल्यासारख्या वर आल्या होत्या. दादांनी टॉर्च धरला आणि म्हणाले, “हे बघा वहिनी, इथला फोटो घ्या.” बोर्डवर जुन्या मशीनला असते तशी धुळीची बारीक साय होती, पण स्लॉट जिथे बसलेला असतो तेवढी लांबट पट्टी हिरवीगार, स्वच्छ. तुटलेल्या प्लास्टिकची कडही पांढरट, ताजी. तुटणं जुनं असतं तर त्या पट्टीवरही धूळ बसली असती. जुन्या मालाच्या भांडणात समोरचा पहिलं वाक्य हेच म्हणतो की हे आधीपासूनच असेल. त्याला या फोटोइतकं चोख उत्तर दुसरं नव्हतं.

त्याच रात्री मी विक्रेता आणि कूरिअर कंपनी दोघांना एकच ईमेल पाठवला. पार्सल क्रमांक, तारीख, काय दबलं, काय तुटलं, सोबत फोटो. शिव्याशाप काही नाही. खोका, बबल रॅप, वर्तमानपत्रं सगळं माळ्यावर ठेवलं. सासूबाईंना तो खोका कुरडया ठेवायला हवा होता, त्यांना हात जोडून थांबवलं. तिसऱ्या दिवशी कूरिअरकडून पहिली मागणी आली ती पॅकिंगच्या आतल्या-बाहेरच्या फोटोंचीच. खोका टाकून दिला असता तर विषय तिथेच संपला असता.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. विक्रेता म्हणे, “मॅडम, हमने तो चालू माल भेजा था, कूरिअरवालों को पकडो.” कूरिअर म्हणे, बुकिंग ज्याने केलं त्यानेच क्लेम करायचा, तुम्ही आमचे ग्राहक नाही. चार दिवस मी या दोघांमध्ये नुसती हेलपाटे घालत होते. रात्री झोप लागत नव्हती. दिवाळी अंकाचा मजकूर येऊन पडला होता आणि मी भावाच्या लॅपटॉपवर कसंबसं काम ओढत होते.

आमच्याकडे ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक निवृत्त काका आहेत. त्यांच्याकडे कागद घेऊन गेले. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “कूरिअरच्या मागे तू धावू नकोस, ते विक्रेत्याला धावू दे.” मग त्यांनी जे समजावलं ते आता मला पाठ झालंय. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की साधारणपणे तो खरेदीदाराला दिला असं धरतात, आणि विक्रेते याच्याच आडोशाला उभे राहतात. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की मालाचं स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहतूकदाराशी वाजवी करार केला पाहिजे. तो केला नसेल आणि वाटेत नुकसान झालं, तर खरेदीदार ती पोच मानायला नकार देऊ शकतो किंवा विक्रेत्याकडे भरपाई मागू शकतो. माझ्या पार्सलच्या पावतीवर घोषित किंमत लिहिली होती ५,००० रुपये, विमा नाही. बिल २७,५०० चं. काकांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

विक्रेत्याचा पुढचा पवित्रा असा, की तुम्ही जीएसटी बिल घेतलंय, धंद्यासाठी घेतलंय, मग तुम्ही ग्राहक कसल्या? याने मी खरंच घाबरले होते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतःच्या कष्टाच्या व्यवसायातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर ती व्यापारी हेतूची खरेदी धरत नाहीत. माझ्या दुकानात मी एकटी बसते, नोकर नाही. तक्रारही दिल्लीला जाऊन नाही, मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. कूरिअरसाठी वेगळी अट आहे. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. ईमेलवर विसंबून न राहता मी पोस्टातून पोच पावतीसह पत्र पाठवलं. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. पलीकडची बाई मराठीत बोलली, तेवढ्यानेच निम्मा जीव भांड्यात पडला.

एव्हाना कूरिअरचं फोटोंचं काम संपलं होतं, मशीन आता तपासायला हरकत नव्हती. दादांनी ग्राफिक्स कार्ड काढलं. उपटलेल्या पिना एकमेकींना चिकटत नाहीत ना हे भिंगातून पाहिलं, मशीन आडवं-उभं करून खडखडणारा स्क्रू बाहेर काढला आणि मगच वीज दिली. पॉवरच्या बटणाचा दिवा पिवळा लुकलुकायला लागला. दोनदा, थांबला, तीनदा. डेलच्या मशीनची ही खूण, रॅम सापडत नाही. रॅमची पट्टी धक्क्याने अर्धी वर आली होती. खोडरबरने तिचे पाय घासून नीट बसवली आणि मदरबोर्डच्याच डिस्प्ले पोर्टवरून मॉनिटरवर विंडोज चालू झालं.

मग हार्ड डिस्क पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फोत पट्टी पिवळी, ‘कॉशन’. खराब सेक्टर दिसू लागले होते. सिरियल नंबर तोच, आणि चाललेले तास १९,४१४. म्हणजे दिल्लीच्या टेबलावर शून्य दोष असलेली डिस्क मधल्या फक्त दोन तासांच्या चालण्यानंतर बिघडलेली. बाकीचा वेळ ती खोक्यात होती. जुना स्क्रीनशॉट आणि नवा, दोन्ही शेजारी-शेजारी लावून मी विक्रेत्याला पाठवले. खाली एक ओळ, ‘आपल्याच स्क्रीनशॉटवरून.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, पहिल्यांदा आपणहून. आवाजात आधीचा तोरा नव्हता. ते म्हणाले, पूर्ण मशीन परत पाठवा, बघतो. मी म्हटलं, पिकअप तुमचा, पॅकिंगचा खर्च तुमचा, आणि पैसे आधी. ते काही त्यांना पटेना. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर ठरलं ते असं. त्यांनी याच मॉडेलचा मदरबोर्ड पाठवायचा, आणि कार्ड व डिस्कचे मिळून ७,५०० रुपये परत करायचे. कूरिअरकडून काय वसूल करायचं ते त्यांनी बघावं. आयोगात गेले असते तर कदाचित पूर्ण रक्कम आणि त्रासाची भरपाईही मिळाली असती, काकांचं मत तेच होतं. पण अंक सप्टेंबरात छापायला जायचा होता आणि मला चालू मशीन हवं होतं. तडजोड मी लेखी घेतली आणि पैसे जमा झाल्यावरच हेल्पलाइनला तक्रार मिटल्याचं कळवलं.

मदरबोर्ड आला तेव्हा खोक्याच्या आत खोका होता, मध्ये चारही बाजूंनी जाड फोम, बोर्ड स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत. पावतीवर खरी किंमत, विमा भरलेला. वर काळ्या मार्करने हिंदीत लिहिलं होतं, ‘मॅडम, खोलते वक्त वीडियो बना लेना.’ दादांनी दुपारभर बसून बोर्ड बदलला, ८०० रुपये घेतले. बटण दाबलं आणि दिवा न लुकलुकता पांढरा लागला. मी लगेच पेन ड्राइव्ह लावला, अंकाचं सतरावं पान उघडलं आणि अडलेली कविता लावायला घेतली.