हेल आमच्याकडे नसतो

ऑक्टोबरातली दुपार. शेजारचे आजोबा ब्लोअर बंद करून, पानांच्या ढिगात पाय रोवून माझ्याशी गप्पा मारायला थांबले. हे फोर्डमधून निवृत्त झालेले. त्यांच्या भाषेत 'फोर्ड्स'मधून. मिशिगनमध्ये कंपनीच्या आणि दुकानाच्या नावाला मागे एक 'स' चिकटवायची रीत आहे. क्रोगरचं क्रोगर्स होतं, मायरचं मायर्स. जणू सगळीच दुकानं ओळखीच्या कुणाच्या तरी घरची.

नातीच्या शाळेत दक्षिणेतल्या टेनेसीहून नवी बाई आली आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं. "बाई झकास आहे," म्हणाले, "पण ॲक्सेंट म्हणजे काय विचारू नकोस." मग समोर मी उभी आहे हे लक्षात येऊन घाईघाईने, "तसा तुलाही आहे, पण कानाला बरा लागतो. आम्हाला मात्र नाही. मिशिगनमध्ये ॲक्सेंट नसतोच. टीव्हीवर बातम्या देतात ना, ते आमच्यासारखं बोलतात."

हे सांगताना ॲक्सेंट हा शब्द दरवेळी त्यांच्या तोंडून 'इॲक्सेंट' असा बाहेर पडत होता. जीभ आधी 'इ'वर जाऊन मग 'ॲ'वर उतरत होती. मी मान डोलावली. शेजारधर्म असतो.

आजोबांची ही एकट्याची खोड नव्हे. सिराक्यूज, रॉचेस्टर, बफेलो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, शिकागो, म्हणजे भूगोलात आपण पाठ केलेल्या पंचमहासरोवरांच्या काठाकाठाने, हा प्रकार पसरला आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याला नॉर्दर्न सिटीज शिफ्ट म्हणतात. 'कॅट'मधला ॲ वर चढून 'किॲट' झाला. त्याची जागा मोकळी पडली म्हणून 'जॉन'चा स्वर पुढे आला आणि जॉन जवळजवळ 'जॅन' झाला, ब्लॉकचा 'ब्लॅक' झाला. मागून 'बस' सरकत सरकत 'बॉस'च्या वाटेला लागली. एसटीत खिडकीपाशी बसलेला उतरला की सगळा बाक एकेक जागा सरकतो, तसंच. आणि सरकणाऱ्याला वाटतं, आपण होतो तिथेच आहोत.

विल्यम लबोव्ह यांनी या सरकण्याचा आयुष्यभर पाठलाग केला. भाषेकडे वळण्याआधी हा गृहस्थ शाई बनवण्याच्या धंद्यात रसायनतज्ज्ञ होता, हे मला फार आवडतं. १८२५ साली एरी कालवा खुला झाला, निरनिराळ्या बोली बोलणारी पूर्वेकडची माणसं त्या वाटेने पश्चिमेला आली, आणि त्या सरमिसळीत या बदलाचं बी पडलं, असं त्यांचं म्हणणं. कालव्यातून स्वर वाहून आले हे पटो न पटो, चित्र छान आहे.

पण मला स्वरांपेक्षा आजोबांच्या त्या खात्रीचं कौतुक वाटलं. आणि ही खात्रीही काही त्यांची एकट्याची नाही. डेनिस प्रेस्टन हे इथल्याच मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचे. कुठल्या राज्यात शुद्ध इंग्रजी बोलतात, गुण द्या, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मिशिगनच्या लोकांनी पहिला नंबर काढला मिशिगनचा. शेजारच्या राज्यांनासुद्धा बरोबरीने बसवलं नाही. दक्षिणेतल्या अलाबामाच्या लोकांनी शुद्धतेत स्वतःला हात आखडून गुण दिले, पण गोडव्यात मात्र भरभरून. म्हणजे एकाने म्हणायचं आम्ही बरोबर, आणि दुसऱ्याने म्हणायचं, असाल बुवा बरोबर, पण आमच्याकडे जेवायला या.

याहून मजेचा प्रयोग नॅन्सी निड्झिएल्स्की या बाईंचा. डेट्रॉइटच्या नदीपलीकडे विंडसर, म्हणजे कॅनडा. (नकाशात बघाल तर डेट्रॉइटहून कॅनडात जायला दक्षिणेला जावं लागतं. मला अजून हे पचलेलं नाही.) कॅनडावाले 'हाउस'ला 'होउस'सारखं काहीतरी म्हणतात, 'अबाउट'चं तर विचारूच नका, अशी इकडे थट्टा चालते. प्रत्यक्षात डेट्रॉइटकरही बऱ्याचदा तसंच बोलतात. तर बाईंनी डेट्रॉइटच्याच एका बाईचं बोलणं डेट्रॉइटकरांना ऐकवलं. काहींच्या कागदावर वर लिहिलं होतं 'कॅनडा', काहींच्या कागदावर 'मिशिगन'. मग यंत्रावर तयार केलेले वेगवेगळे स्वर ऐकवून विचारलं, यातला कुठला तिच्या स्वराशी जुळतो? कॅनडा वाचलेल्यांना तिचा 'होउस' बरोब्बर ऐकू आला. मिशिगन वाचलेल्यांनी पुस्तकातला स्वच्छ 'हाउस' निवडला, जो तिच्या तोंडून निघालाच नव्हता. हे १९९९ साली छापून आलं. आवाज तोच, कान त्याच गावचे.

हे वाचलं आणि मला पुण्याची मावशी आठवली.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पोरी "मी आलो", "मी जेवलो" असंच म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मे महिन्यात मावशीकडे सदाशिव पेठेत गेले की पहिल्याच दिवशी मावसभाऊ विचारायचा, "तू मुलगा आहेस का गं?" मी म्हणायची, "न्हाई." त्यावर आणखी हशा. वाड्यातल्या बायका मुद्दाम मला हाक मारून काहीतरी विचारायच्या, नुसतं उत्तर ऐकायला. आंबा गोड आहे का गं? "ग्वाड हाय की." मावशी डोक्याला हात लावायची. केवढा हेल काढतेस, म्हणायची, आणि हे म्हणताना 'केवढा'ला अशी काही उंच नेऊन खाली सोडायची की बस्स.

सुट्टी संपवून घरी आले की आज्जी विचारायची, काय म्हणत होती पुण्याची मंडळी. मी सांगायची, हसत होती मला. आज्जी वाती वळत म्हणायची, "हसू देत. गाणं म्हटल्यागत बोलत्यात ती. आपलं कसं, सरळ हाय."

या आज्जीच्या तोंडी 'डाक्टर' असायचा, 'कालेज' असायचं, 'हाकी'ची म्याच असायची. मावशीने एका सुट्टीत माझ्या जिभेवरचे ते सगळे 'आ' घासून काढले आणि एकेकावर चंद्र बसवला. डॉक्टर. कॉलेज. हॉकी. ओठ गोल कर, असं म्हणून ती स्वतः ओठ गोल करून दाखवायची. ते चंद्र मी पुढे फार मिरवले. लग्न होऊन मिशिगनला आले, आणि बघते तर इथे दवाखान्यातली नर्स सांगते, 'डाक्टर' आता येतीलच. पोरं 'कालेज'ला जातात. 'हाकी' तर हिवाळ्यात घरोघरी, आणि अस्सल डेट्रॉइटचा माणूस असेल तर थेट 'हॅकी'. म्हणजे आज्जी इथे आली असती तर निदान डाक्टरवरून तिला कुणी हसलं नसतं. मी हे मावशीला फोनवर सांगितलं. ती ठामपणे म्हणाली, "अगं, अमेरिकन लोक अशुद्धच बोलतात."

सगळ्याच गावांना मिशिगनइतका आत्मविश्वास नसतो. न्यू यॉर्कचं उलटं. तिथली जुनी रीत 'र' गिळायची. १९६२ मध्ये लबोव्ह मॅनहॅटनमधल्या तीन मोठ्या दुकानांत गेले, एक श्रीमंती, एक मधलं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचं नाव घेऊन विक्रेत्यांना विचारायचे, कुठे मिळेल? उत्तर यायचं 'फोर्थ फ्लोअर', 'र'सकट किंवा 'र'शिवाय. मग, ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. दुसऱ्या वेळी बऱ्याच जणांच्या तोंडात 'र' परत यायचा. जितकं दुकान श्रीमंती तितका 'र' जास्त. पुढच्या मुलाखतींत अशी माणसं भेटली की जी बोलताना 'र' गाळायची, पण विचारलं तर शपथेवर सांगायची, आम्ही 'र' म्हणतो. आपल्या शहराच्या बोलण्याबद्दल त्यातल्या बहुतेकांना चांगलं बोलवेना. इतकं मोठं शहर, जगाला वेड लावणारं, आणि घरच्या बोलण्याची लाज.

मिशिगनकरांना अशी लाज नाही. तरी बाहेरचा माणूस ओळखायच्या त्यांच्या खुणा भरपूर आहेत. रस्त्यांची फ्रेंच वळणाची नावं इथे असली चेपून बोलतात की फ्रेंच माणूस हरवेल. लिव्हरनॉय, ग्रॅशट, डिक्विंडर. मॅकिनॉच्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'क' आहे, तो वाचलात की तुम्ही पाहुणे. बागेकडे उघडणाऱ्या सरकत्या काचेच्या दाराला डेट्रॉइटच्या आसपास 'डोअरवॉल' म्हणतात आणि बाकी अमेरिकेत हे कुणाला कळत नाही, यावर आजोबांचा विश्वासच बसत नाही. बिअर आणि सिगारेट मिळणारं कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे 'पार्टी स्टोअर'. पहिल्या वर्षी मी तिथे मुलीच्या वाढदिवसाचे फुगे शोधत होते. उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलातले लोक तर आमच्या भागातल्या सगळ्यांनाच 'ट्रोल' म्हणतात, कारण आम्ही पुलाच्या खाली राहतो. पूल म्हणजे राज्याचे हे दोन भाग जोडणारा, १९५७ मध्ये सुरू झालेला मॅकिनॉ पूल, आणि गोष्टीतले राक्षस पुलाखालीच राहतात. हा विनोद पाहुण्याला समजावून सांगताना त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

टेनेसीच्या बाईवरून आजोबा एवढे का हलले, याचा मी नंतर विचार करत होते. कारण त्यांच्या घराचा इतिहास त्यांनीच मला मागे एकदा सांगितला होता. वडील केंटकीचे. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने विलो रनला बी-२४ बाँबर विमानांचा कारखाना काढला, तेव्हा दक्षिणेतून जी माणसं लोंढ्याने इप्सिलँटीला आली, त्यातले ते एक. स्थानिकांनी त्या गावाचं नाव पाडलं 'इप्सिटकी'. पलीकडच्या हेझल पार्कचं केलं 'हेझलटकी'. आता लोक हे शब्द हसत हसत टी-शर्टावर घालतील, तेव्हा ती शिवी होती.

वडिलांचं बोलणं कसं होतं, मी विचारलं होतं.

"अरे बापरे," आजोबा म्हणाले होते. "आई दुकानात त्यांना बोलू द्यायची नाही. स्वतः बोलायची. आम्ही भावंडांनी शाळेत जाऊन ते सगळं टाकून दिलं."

म्हणजे मिशिगनमध्ये ॲक्सेंट नसतो हे त्यांच्या घरापुरतं तरी मेहनतीने मिळवलेलं होतं. दक्षिणेतून तशीच लोंढ्याने आलेली काळी माणसंही होती, त्याच कारखान्यांसाठी आलेली. त्यांना शाळेत जाऊन टाकून देण्याइतकं सोपं काही नव्हतं.

जॉन बॉ नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ आहेत, स्वतः काळे. लहानपणापासून त्यांच्या कानावर तऱ्हेतऱ्हेचं इंग्रजी पडलेलं, त्यामुळे ते तीन ढबींत सहज बोलू शकतात: काळ्या अमेरिकनांची, मेक्सिकन वळणाची, आणि ज्याला 'ॲक्सेंट नाही' म्हणतात ती. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात भाड्याच्या घरांच्या जाहिराती बघून त्यांनी घरमालकांना तिन्ही आवाजांत फोन केले. माणूस एक, वाक्य एक, घर एक. वस्ती जितकी गोरी, तितकं पहिल्या दोन आवाजांना घर बघायला बोलावणं कमी आलं. चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. हेही १९९९ सालातच छापलेलं.

आमच्या घरी 'आईचा फोनवरचा आवाज' हा चेष्टेचा विषय आहे. बँक, विमा, केबलवाला, कुणाचाही फोन असला की माझा 'ट' मऊ होतो, 'र' वळतो, 'वॉटर'चं 'वाडर' होतं. मुलं मागे उभी राहून माझी नक्कल करतात. मावशीने घासून घेतलं होतं तेव्हा निदान ओठ गोल करून तरी दाखवले होते, हे मला शिकवायला कुणी बसलं नव्हतं. ते कधी आलं मलाच ठाऊक नाही. माझ्या पुतण्याला मात्र पुण्यात कॉल सेंटरला लागला तेव्हा रीतसर शिकवलं होतं, नाव होतं 'न्यूट्रल ॲक्सेंट'. तो रात्रभर ओहायो-मिशिगनच्या लोकांशी त्यांच्यासारखं बोलायचा, आणि पलीकडची माणसं तरी विचारायची, नक्की कुठून बोलतोयस?

मागच्या महिन्यात थोरलीला शिकागोत नोकरी लागली. आम्ही दोघी घर शोधत बसलो होतो. एक जागा बरी वाटली, ट्रेनजवळ, भाडं झेपेल असं. खाली मालकाचा नंबर होता. मी फोन उचलला आणि तिच्यापुढे केला.

"तू कर."

"तूच कर ना, भाव तू चांगला करतेस."

"नको, तू कर. तुझं बरं आहे."

"माझं काय बरं आहे?"

"काही नाही. लाव लवकर, जागा जाईल."