लाल बोया उजव्या हाताला

कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन आठवडाभर हिंडणाऱ्या पाहुण्यांना तिसऱ्या दिवसापर्यंत समुद्र घरच्या अंगणासारखा वाटू लागतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. टॉर्टोला, व्हर्जिन गोर्डा, योस्ट व्हॅन डाइक ही बेटे ज्वालामुखीच्या खडकाची आणि डोंगराळ आहेत. एका बेटावरून निघताना पुढचे बेट समोर दिसत असते, मधल्या सर फ्रान्सिस ड्रेक चॅनलला दोन्ही बाजूंनी आडोसा असतो आणि टॉर्टोलावरचा 523 मीटर उंचीचा सेज माउंटन बऱ्याच ठिकाणांहून नजरेस पडतो. अनेगाडाचे तसे नाही. उत्तरेला एकटेच पडलेले हे बेट प्रवाळाचे आणि चुनखडीचे असून त्याची सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेआठ मीटरवर आहे, आणि त्याच्या आग्नेयेकडे सुमारे 29 किलोमीटर लांबीची हॉर्सशू रीफ ही प्रवाळाची रांग पाण्याखाली पसरलेली आहे. त्यामुळे तेथे जाण्याचा दिवस हा माझ्या आठवड्यातला खरा कामाचा दिवस असतो.

मी मूळचा रत्नागिरीचा. मर्चंट नेव्हीत काही वर्षे काढल्यानंतर मी शिडाच्या बोटींकडे वळलो आणि आता हिवाळी मोसमात येथे एका 45 फुटी कॅटामरानवर, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या बोटीवर, कॅप्टन म्हणून काम करतो. मागच्या मोसमात न्यू जर्सीत स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब माझ्या बोटीवर आले. नवराबायको (बायकोला मी ताई म्हणू लागलो), त्यांची दोन शाळकरी मुले आणि पुण्याहून आलेले आजोबा, ज्यांना मी पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागलो. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. पाण्याविषयी त्यांची ठाम मते होती आणि कारण समजल्याखेरीज कोणतीही गोष्ट मान्य करण्याची त्यांना सवय नव्हती.

व्हर्जिन गोर्डाच्या नॉर्थ साउंडमधून सकाळी साडेआठला निघायचे, असे मी आदल्या रात्री जाहीर केले तेव्हा सुट्टीवर आलेल्या माणसांना इतक्या लवकर उठवण्याचे कारण ताईंनी विचारले. अंतर बारा-तेरा सागरी मैलांचेच होते, म्हणजे बऱ्या वाऱ्यात दोन तासांचे. मी सांगितले की अनेगाडावरच्या सेटिंग पॉइंट या बंदराच्या वाटेवर सूर्य वर चढलेला असताना पोहोचायला हवे. त्यावर काकांचा प्रश्न आला, “अहो कॅप्टन, बोटीवर जीपीएस आहे, नकाशा आहे, मग उन्हाची गरज कशाला?” प्रश्न रास्त होता. प्रवाळाचे एकेकटे खडक वाळूतून वर आलेले असतात आणि त्यांतला प्रत्येक नकाशावर असतोच असे नाही. त्यामुळे शेवटचा भरवसा पाण्याच्या रंगावर ठेवावा लागतो. गडद निळे पाणी खोल, हिरवट निळे म्हणजे खाली वाळू आणि उथळ, पांढरट त्याहून उथळ, आणि तपकिरी दिसले की तिकडे फिरकायचेही नाही. हे रंग ऊन चढल्यावरच स्पष्ट दिसतात. ऊन तिरपे झाले की पाण्यावर नुसती चकाकी उरते आणि मोठा ढग आला तर सारेच राखाडी होऊन बसते. काकांनी हे कारण मंजूर केले आणि सकाळी सर्वांच्या आधी तयार होऊन डेकवर येऊन बसले.

वारा ईशान्येकडून अठरा-वीस नॉटचा होता. बेटांचा आडोसा संपताच अटलांटिकची लांब लाट सुरू झाली, धाकट्या मुलाने खाल्लेले पोहे ओकून टाकले आणि नंतर तो निवांत झोपी गेला. तासाभराने उत्तरेला क्षितिजावर झाडांचे शेंडे दिसू लागले, पण त्यांच्याखाली जमीन अशी नव्हतीच. ज्या काळी हाती केवळ होकायंत्र आणि डोळे होते त्या काळी या बेटाने किती जहाजे गिळली असतील याची कल्पना येथे आपोआप येते. 1808 मध्ये ब्रिटिश आरमाराची अस्ट्रिया ही फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, याच खडकांवर फुटली. 1831 मध्ये रॉबर्ट शोमबुर्क याने स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून या बेटाची पाहणी केली आणि फुटलेल्या जहाजांच्या जागा नकाशावर मांडल्या. तरीही 1929 मध्ये जनावरांची हाडे भरून चाललेले रोकस नावाचे जहाज येथे अडकलेच. मोठ्या मुलीला हाडांच्या जहाजात फार रस वाटला. ती हाडे कशासाठी नेत होते, या तिच्या प्रश्नाला खत एवढेच अंदाजाने उत्तर देऊन मी दुर्बीण डोळ्यांना लावली, कारण आमच्या पुढे अर्ध्या मैलावर चाललेल्या एका कॅटामरानची दिशा मला खटकू लागली होती.

बंदराकडे जाणारी वाट दाखवण्यासाठी तेथे लाल आणि हिरवे बोये, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या खुणा, ठेवलेले आहेत. ती बोट लाल बोया डाव्या हाताला ठेवून पुढे चालली होती. मी रेडिओवर चॅनल 16 वरून दोनदा हाक दिली. सुट्टीतल्या बोटींवर रेडिओचा आवाज बहुधा बारीक केलेला असतो, तसाच तो तेथेही असावा. थोड्याच वेळात त्या बोटीची डोलकाठी एकदम पुढे झुकली, परत मागे आली आणि बोट जागीच उभी राहिली.

माझी पहिली जबाबदारी माझ्या पाहुण्यांची होती. लाल बोये उजवीकडे ठेवून मी वाटेने आत गेलो, मुरिंग बोया, म्हणजे बोट बांधण्यासाठी तळाशी पक्का केलेला बोया, पकडून बोट पक्की बांधली आणि त्यानंतरच ताईंच्या यजमानांना घेऊन डिंगीतून, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून, तिकडे गेलो. तेथे दहा माणसे होती आणि त्यांचे कप्तान, युरोपात अनेक वर्षे स्वतःची शिडाची बोट चालवलेले एक साठीचे गृहस्थ, दोन्ही इंजिने पूर्ण जोराने उलटी फिरवत होते. मी आधी ती बंद करवली. उथळ पाण्यात पंखे वाळू उडवतात, ती वाळू इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीतून आत शिरते आणि मग बोटीबरोबर इंजिनही जाते. दोन्ही सांगाड्यांमधल्या तळाच्या फळ्या उचलून पाहिल्या. आत पाणी आलेले नव्हते. बोट वाळूवर बसली होती आणि हातभर अंतरावर तपकिरी खडक दिसत होता.

त्या गृहस्थांना काय झाले हे तोवर उमगले होते आणि ते पुरते शरमले होते. खरे तर अनुभव होता म्हणूनच त्यांची फसगत झाली होती. जगभरात एकेकाळी बोयांच्या तीसहून अधिक पद्धती होत्या. 1980 साली त्या एकत्र आणण्यात आल्या, पण एका मुद्द्यावर एकमत न झाल्याने जगाचे दोन भाग राहिले. युरोप, आफ्रिका, भारत आणि आशियाचा बराचसा भाग येथे बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे राहतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपीन्स येथे तो उजवीकडे राहतो. मीही रत्नागिरी-मुंबईच्या सवयीतला माणूस असल्याने मोसमाच्या सुरुवातीला सुकाणूच्या चाकाच्या उजव्या बाजूला लाल चिकटपट्टी लावतो. या बेटांवर बोट भाड्याने घेताना परवाना दाखवावा लागत नाही. आपल्या अनुभवाचा तपशील लिहून दिला आणि निघण्यापूर्वीची माहिती ऐकून घेतली की लाखो डॉलरची बोट ताब्यात मिळते. त्या माहितीत फ्रिज, शौचालयाचा पंप आणि जेवणाच्या जागा यांवर जितका वेळ जातो तितका बोयांवर जात नाही, हे मी अनेकदा ऐकले आहे आणि मला ते योग्य वाटत नाही.

आता बोट हलकी करायची होती. त्यांच्यापैकी सात जणांना दोन खेपांत आमच्या बोटीवर पोहोचवले, पाण्याच्या टाक्या पंप लावून समुद्रात रिकाम्या करायला सांगितल्या आणि राखीव नांगर डिंगीत घालून, बोट जिकडून आली होती त्या खोल पाण्याकडे नेऊन टाकला. हे चालू असताना काकांनी हातातल्या रेडिओवरून मला जलरेषेवरचे बोटीचे क्षेत्रफळ विचारले. मी अंदाजाने 25 चौरस मीटर सांगितले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, “म्हणजे दर अडीचशे किलोला एक सेंटीमीटर. सात माणसांचे पाचशे किलो आणि सहाशे लिटर पाणी धरले तर बोट साडेचार सेंटीमीटरपेक्षा कमीच उचलली जाईल. भरतीची वाट का पाहत नाही?” कोकणात कोणीही हेच म्हटले असते. खाडीच्या तोंडाशी होडी वाळूवर बसली की आमचे तांडेल विडी पेटवून स्वस्थ बसत, कारण उधाणाच्या दिवसांत भरती दोन-अडीच मीटर पाणी चढवते आणि होडी आपोआप तरंगते. येथे भरती-ओहोटीतला फरक सगळा मिळून फूटभर आहे. हे ऐकल्यावर काका काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग ते चार सेंटीमीटर वाया घालवू नका.”

नांगराचा दोर मागच्या विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या चक्रावर, घेतला. दोर ताणला गेला तसे त्याच्या पिळातून पाणी निथळू लागले आणि पुढे त्याचा करकर असा आवाज येऊ लागला. तुटलाच तर फटका बसू नये म्हणून मी सर्वांना त्याच्या रेषेतून बाजूला काढले. लाट आली की बोट किंचित उचलली जाई, तेवढ्यात विंचचे दोन फेरे, लाट गेली की थांबणे, असे पाऊण तास चालले. सुरुवातीला फक्त दोर ताणला जात होता. मग बुडाखाली वाळू घासल्याचा आवाज आला, बोट वीतभर मागे सरली, आणि त्यानंतरच्या एका मोठ्या लाटेबरोबर ती मोकळी होऊन सरळ नांगराकडे गेली. त्यांना वाटेने आणून आमच्या शेजारच्या मुरिंगवर बांधेपर्यंत अडीच वाजले होते. आमच्या बोटीवर ताईंनी तोवर सात परक्या माणसांना आल्याचा चहा आणि सकाळचे उरलेले पोहे खिलवले होते, आणि काका त्यांच्यापैकी एका शिक्षिकेला कागदावर आकृती काढून उत्प्लावन समजावून सांगत होते.

किनाऱ्यावरच्या खाणावळीत रात्रीच्या शेवंडांची मागणी दुपारी चारपर्यंत द्यावी लागते, ती मी दोन्ही बोटींची मिळून दिली. येथील शेवंड आपल्या कोकणातल्यासारखीच, बिननांग्यांची आणि काटेरी पाठीची असते. उभी चिरून, लोणी लावून, आडव्या कापलेल्या तेलाच्या पिंपातल्या निखाऱ्यांवर भाजतात. काकांचे मत असे पडले की माल उत्तम आहे, पण तिखट-मिठाच्या नावाने शंख आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बोटीच्या कंपनीने पाणबुड्या पाठवला. डाव्या बाजूचे सुकाणू वाकलेले निघाले आणि ते बदलेपर्यंत, म्हणजे दोन दिवस, बोट हलवू नये असे त्यांना सांगण्यात आले. ती मंडळी खिन्न झालेली पाहून काकांनी त्यांना 1992 मध्ये बेटावर पुन्हा आणून सोडलेल्या फ्लेमिंगोंची मिठागराजवळची जागा दाखवून दिली, जी त्यांनी आदल्या संध्याकाळी टॅक्सीवाल्याकडून माहीत करून घेतली होती, आणि आम्ही नऊ वाजता लाल बोये डावीकडे ठेवून बाहेर पडलो.