ग्लेझ एकच, माती वेगवेगळी

बहिणीला नव्या घरासाठी चहाचे कप हवे होते. कोथरूडच्या मातीकामाच्या ज्या स्टुडिओत मी चाकावर भांडी घडवते, तिथल्या शेल्फवर रुटाइलच्या (हे टायटॅनियमचं एक खनिज) निळ्या ग्लेझचा, म्हणजे भाजल्यावर काच होणाऱ्या लेपाचा, एक वाडगा आहे. तिला तोच निळा हवा होता. मी स्टुडिओतल्या ताईंकडे ग्लेझची कृती मागितली, तर त्यांनी वाडगा उलटा करून बुडाचा उघडा भाग दाखवला. गडद तपकिरी. म्हणाल्या, "कृती देते गं, पण पांढऱ्या मातीवर हा निळा मिळणार नाही."

मग टेस्ट टाइल्स केल्या, उभ्या, म्हणजे ग्लेझ किती ओघळतो तेही दिसतं. पांढरं स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची दणकट माती), लोह असलेलं तपकिरी स्टोनवेअर आणि पोर्सेलीन, म्हणजे पांढरीशुभ्र चिनी माती. शिवाय केशवनगरच्या कुंभारवाड्यातून थोडी लाल माती आणली. तिथल्या काकांना बाराशेचं तापमान सांगितलं तर ते हसले. "अहो ताई, आमची भट्टी आठशे-नऊशेची. बाराशेला पाणी होईल तिचं." म्हणून ती टाइल एका जाड बशीत ठेवली. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, साधारण १००० अंशांना, ग्लेझ १२२० च्या आसपास, विजेच्या भट्टीत. (गुरुवार टाळून. त्या दिवशी देखभालीसाठी वीज कधी जाईल सांगता येत नाही.)

भट्टी उघडल्यावर पारदर्शक ग्लेझने सगळ्यात जास्त शिकवलं. तो पातळ साडीसारखा, आतला परकर लपवतच नाही: पोर्सेलीनवर स्वच्छ पांढरा, तपकिरी मातीवर चक्क गुळाच्या रंगाचा. मातीतलं लोह वितळलेल्या काचेत थोडं उतरतंही. झिरकॉन (काच अपारदर्शक करणारं खनिज) घातलेला पांढरा ग्लेझ पांढऱ्या मातीवर अगदी सपाट, मला तर कंटाळवाणाच वाटला. तपकिरीवर मात्र कडांना, जिथे थर पातळ होतो, तिथे माती वर येते आणि मध्ये बारीक ठिपके उमटतात. तांब्याचा हिरवा उलट वागतो. पोर्सेलीनवर तजेलदार, तपकिरीवर मळकट.

आणि रुटाइल? पोर्सेलीनवर फिकट, दुधाळ. तपकिरीवर तोच खोल निळा, खाली उतरत गेलेल्या रेषांसकट. यातला बराचसा निळा रंगद्रव्याचा नसतोच. थंड होताना काचेत अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात, ते निळा प्रकाश विखुरतात, आणि मागे गडद काही असलं तरच तो डोळ्यांना नीट दिसतो. सेलॅडॉनची, म्हणजे लोहामुळे हिरवट होणाऱ्या ग्लेझची, चौकशी मी केली नाही. त्याला ऑक्सिजन कमी ठेवून भाजणारी गॅसची भट्टी लागते. आमच्या भट्टीत तेच लोह पिवळट मधाळ होतं.

म्हणजे तपकिरी माती घ्यायची आणि मोकळं व्हायचं. पण बहिणीची अट होती: कप आतून पांढरा हवा, चहाचा रंग दिसला पाहिजे. शिवाय तपकिरी टाइल्सवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडली होती, मातीतून निघणाऱ्या वायूंमुळे. बिस्क सावकाश भाजलं की ती कमी होतात. पोर्सेलीनही बाद: थोड्याच दिवसांत पारदर्शक ग्लेझवर केसासारख्या रेषा आल्या. निवताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसला की हे होतं, आणि त्या रेषांत चहा मुरतो.

उत्तर बशीत होतं. काकांची लाल माती खरंच वितळून काळपट तपकिरी, चकचकीत झाली होती. तीच पाण्यात कालवून चाळणीतून गाळली आणि पांढऱ्या स्टोनवेअरचे कप अर्धवट वाळलेले असताना फक्त बाहेरून लावली. कप पूर्ण सुकल्यावर लावली तर पापुद्रे निघतात. बिस्कनंतर बाहेर रुटाइल, आत पांढरा. लाल मातीचा थर जाड झाला तिथे ग्लेझ ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटला, कारण ती वरच्या ग्लेझलाही पातळ करते. त्यामुळे नंतरच्या कपांना बुडाकडे दोन बोटं जागा मेण लावून कोरी सोडली.

निळा वाडग्याइतका खोल आला नाही, किंचित जास्त तपकिरीकडे झुकलेला आला. मला तो जास्त आवडतो, ताईंना नाही. बहिणीने कप नेले, आणि आता तिच्या जावेला तसेच हवे आहेत, पण हिरवे. तिच्यासाठी पांढरं स्टोनवेअर मळून ठेवलंय, आणि चाक आधी घासून धुवायचंय, नाहीतर तपकिरी मातीचे डाग त्यात उतरतील.